न्यायला येणाऱ्याचं नाव

रविवार, १७ मे
दुपारी साडेतीन

चि. टिकलीस,

अनेक आशीर्वाद.

तू म्हणशील, काल अर्धा तास फोनवर बोललो आणि आज हे पत्र कसलं काढलं आईने! पण सत्तावीस वर्षं पोस्टात लोकांची पत्रं निवडण्यात घालवलेल्या बाईला एखादं स्वतःचं लिहावंसं वाटलं, असं समज. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? 'हो गं आई', 'कळलं गं आई', 'ठेवू का?' यातच निम्मा वेळ जातो.

इकडे सगळं ठीक आहे. तुझे बाबा शब्दकोडं घेऊन बसलेत. दर पाच मिनिटांनी मला एक शब्द विचारतात आणि मी सांगितला की 'तेच लिहिणार होतो' म्हणतात. गुडघा बराच बरा आहे, म्हणजे माझा. त्यांचा नुसता तक्रारीपुरता दुखतो. खालच्या शिंपीणबाईंनी भिंगरीच्या नावाच्या पट्ट्या करून दिल्यात, त्या या पाकिटात घातल्या आहेत. कपड्यांना आतून शिव, बाहेरून नको. आठ वर्षांच्या मुलीला आपलं नाव पाठीवर मिरवायला आवडत नाही.

शिबिराचा फॉर्म बुधवारीच मिळाला. तू लिहिलं होतंस, 'सही करून लगेच पाठव, उशीर नको.' तो अजून टेबलावरच आहे. त्याबद्दल लिहितेच, पण आधी मला थोडी आजीगिरी करू दे.

नवे बूट आणलेस ना? मग ते आत्तापासून रोज तासभर तिच्या पायात असू देत. शिबिराच्या पहिल्याच दिवशी नवे बूट घालून गेलेली पोरं दुसऱ्या दिवशी लंगडत असतात. बॅग तू भरू नकोस. तू बाजूला बस, हवं तर नाक खुपस, पण प्रत्येक वस्तू तिच्या हाताने आत जाऊ दे, म्हणजे मोजे कुठे आहेत हे विचारायला तिला तुला शोधावं लागणार नाही. तिचं सर्दीचं औषध बॅगेत टाकू नकोस. तिथल्या नर्सच्या हातात दे, किती आणि कधी हे कागदावर लिहून. आणि अजून कधीतरी अंथरूण ओलं होतं, हे शिबिरातल्या ताईंना आधीच सांगून टाक. तुला लाज वाटते म्हणून पोरीने का ओशाळवाणं व्हावं? त्या तायांना सगळ्याची सवय असते.

जाण्याआधी तिला दोन रात्री दुसऱ्या कोणाकडे झोपायला पाठव. आमच्याकडे नको, इथे ती राणी असते. एखाद्या मैत्रिणीकडे पाठव, जिथे उशी वेगळी, आंघोळीचं पाणी वेगळं आणि लाड बेताचे.

पत्र लिहिशील त्यात 'तुझ्याशिवाय घर खायला उठतं' असलं काही लिहू नकोस गं. तिला वाटेल, आपण मजा करतोय म्हणजे आईवर अन्याय करतोय. लिही की मांजर ठीक आहे, शेजारची सायकल पंक्चर झाली, बाबांनी दूध उतू घालवलं.

मुलींच्या खोलीत कोण झोपतं, एका ताईकडे किती मुली, पाण्यात उतरताना काठावर कोण असतं, हे सगळं तोंडाने विचार. छापील पत्रकावर हसरे फोटो असतात, त्यातून काही कळत नाही. विचारल्यावर जो माणूस चिडेल त्याच्याकडे पोर पाठवू नये. आणि भिंगरीला एक गोष्ट पक्की सांग. कोणी मोठ्या माणसाने 'हे घरी सांगू नकोस' म्हटलं, तर तेच आधी घरी सांगायचं.

आता फॉर्मकडे येते. बराच वेळ टाळलं.

तिसऱ्या पानावर चौकट आहे. 'गरज पडल्यास मुलाला न्यायला कोण येईल?' तू तिथे पेन्सिलीने फुली करून मला सही करायला सांगितलीस. काल फोनवर भिंगरीनेच सांगितलं, 'आजी, आई म्हणालीये, मला तिथे नाही आवडलं तर तू एका तासात मला न्यायला येणार.' मी 'हो तर' म्हटलं आणि फोन तुझ्या बाबांकडे दिला.

टिकले, हे वचन मुलांना देऊ नये. परतीची वाट खिशात घेऊन गेलेलं मूल तिथे रमतच नाही, नुसते तास मोजतं. पण आता तू दिलंच आहेस, तर न्यायला येणारं माणूस तरी नीट पारखून घे. त्या माणसाबद्दल एक गोष्ट तुला माहीत नाही.

तुझं पत्र हरवलं नव्हतं.

तू आठ वर्षांची असताना शिबिरातून लिहिलेलं ते पत्र. ते आलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पोस्टमनकाकांनी दारात माझ्या हातात दिलं. म्हणाले, 'घ्या वहिनी, लेकीचं आलंय. निवडायला तुम्ही रजेवर, म्हणून मीच वर काढून ठेवलं होतं.' मी उभ्या उभ्या वाचलं. 'आई, इथे मला आवडलं नाही. तू म्हणाली होतीस येईन. उद्या ये. मी बॅग भरून ठेवली आहे.' चार ओळी. मला त्या आजही डोळे मिटून दिसतात.

मी ते घडी करून चहाच्या डब्याखाली ठेवलं आणि जाऊन झोपले.

तुला वाटेल आजारी असेन, काहीतरी संकट असेल. तसं काही नव्हतं. तुझी आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती आणि महिनाभरापूर्वीच गेली होती. तुझे बाबा बदलीच्या गावी. पहाटे पाचला पोस्टात, दुपारी घरी, मग आजी, मग तू. तुझ्या शिबिराच्या त्या नऊ दिवसांत मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी हाक मारत नव्हतं. मी झोपत होते गं. उठून काहीतरी खात होते आणि पुन्हा झोपत होते. दुसऱ्या दिवशी मी चपला घातल्या, दारापर्यंत गेले, आणि चपला काढल्या. मनात म्हटलं, रमेल. ही कारणं सांगतेय, पण ती पुरी पडतात असं मला वाटत नाही. बस दीड तासाची होती.

तू परत आलीस तेव्हा पहिलं वाक्य काय होतं आठवतं? 'मी तीन दिवस जेवणानंतर बॅग घेऊन फाटकाशी बसले होते.' आणि माझ्या तोंडून निघालं, 'अगं, पत्रच आलं नाही.' एका श्वासात निघालं. ठरवून खोटं बोलले असते तर निदान थोडी चाचरले असते.

त्यात नेमके पोस्टमनकाका समोरून आले. तू त्यांच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. 'काका, तुम्ही माझं पत्र हरवलंत!' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग टोपी काढली आणि तुला म्हणाले, 'चुकलं बाळा माझं. माफ कर.' ज्या माणसाने आख्ख्या नोकरीत एक कार्ड इकडचं तिकडे केलं नाही, त्याने माझ्यासाठी ते अंगावर घेतलं. आणि मी घेऊ दिलं. तू त्यांना 'हरवेकाका' म्हणायला लागलीस. मोठी झाल्यावरही त्यांना पाहून रस्ता बदलायचीस.

आणि घरात त्याची गंमत झाली. तीन दिवस वाट पाहिल्यावर तू बॅग रिकामी केलीस, तलावात उतरलीस आणि पोहायला शिकलीस. तुझे बाबा अजून चारचौघांत सांगतात, 'पोस्टाच्या कृपेने आमची लेक पोहायला शिकली!' सगळे हसतात. मीही हसते. अठ्ठावीस वर्षं हसतेय.

पण तू आणखीही काहीतरी शिकलीस, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तू मला पुन्हा कधी 'ये' म्हणाली नाहीस. वसतिगृहात कावीळ झाली, ते मला तिथल्या बाईंकडून कळलं. भिंगरी झाली तेव्हा तू तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून टॅक्सीने घरी आलीस आणि वर मलाच म्हणालीस, 'उगाच तुला कशाला त्रास?' लोक म्हणतात, काय स्वावलंबी मुलगी घडवलीत! मी मान डोलावते. खरं म्हणजे तेव्हा मला जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं वाटत असतं.

परवा पोस्टमनकाका आले होते. आता काठी लागते, ऐकायला कमी येतं. तुझी चौकशी केली, आणि निघताना हसत विचारलं, 'आमच्या बाईसाहेबांचा राग गेला का हो?' ते थट्टेने म्हणाले. त्यानंतर मला फॉर्मवर सही करता येईना.

म्हणून तो तसाच परत पाठवतेय. बाकी सगळं भरलंय, चौकट कोरी आहे. भिंगरी बोलावेल तर मी जाईन, रात्री-अपरात्री जाईन, गुडघ्यासकट जाईन. पण हे मी म्हणून चालणार नाही, तुला ते पटलं पाहिजे. नाव तू घाल. माझं घालावंसं नाही वाटलं तर कोणाचंही घाल, मी का म्हणून विचारणार नाही.

रागाव. बोलू नकोस काही दिवस, चालेल. फक्त 'जाऊ दे गं आई' असं म्हणू नकोस.

तुझी, त्या वेळी न आलेली,
आई


शनिवार, २३ मे

आई,

पत्र मंगळवारी मिळालं. हरवलं नाही.

'जाऊ दे' म्हणत नाहीये. दोन दिवस मी इतकी चिडले होते की फोन हातात घेऊन तीनदा ठेवला. झोपलीस याचा राग नाही आला, खरंच. आठ वर्षांची पोर घरात असली की काय होतं ते मला आता कळतं. मी तर ऑफिसच्या बाथरूममध्ये पाच मिनिटं डोळे मिटून बसते. राग आला तो पुढच्या अठ्ठावीस वर्षांचा. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं. पत्ता चुकला असेल, अक्षर वाईट असेल. नंतर मी सगळ्या पाकिटांवर पत्ता दोनदा लिहायचे. ते तू पाहिलं होतंस, आणि 'किती नीटनेटकी' म्हणाली होतीस.

आणि काकांना तर मला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. काल त्यांच्याकडे जाऊन आले. तुला सांगितलं नाही, कारण एकटीलाच जायचं होतं. मी माफी मागितली तर त्यांना ऐकूच आलं नाही, मोठ्याने मागावी लागली. सगळ्या जिन्याने ऐकली. ते म्हणाले, 'पत्र वेळेत दिलं होतं, एवढं कळलं ना तुला? बास.' मग रडायला लागले. मीही. सूनबाईंनी चहा आणला तो थंड झाला.

चौकटीत तुझं नाव घातलंय. पेनाने.

आता माझंही एक ऐक. भिंगरीला याच नऊ दिवसांत शिबिराला का पाठवतेय, ते मी तुला सांगितलं नव्हतं. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, बारा जूनला. घाबरण्यासारखं काही नाही, असं सगळे म्हणतात. मी घाबरलेय. भिंगरीचा बाबा म्हणत होता आईंना कळवूया, मीच नको म्हटलं. सगळं ठरवलं होतं: दवाखाना, रजा, येताना टॅक्सी. मी परत घरी आल्यावर कधीतरी तुला सांगणार होते, सहज, टाके सुकल्यावर.

पंधरा तारखेला सकाळी अकरा वाजता सोडतील. त्याला त्या दिवशी कामावर जावंच लागेल. भिंगरीनेही त्याच दिवशी बोलावलं तर तिकडे बाबांना पाठव, शब्दकोड्यासकट.

मला टॅक्सीने येता येईल. सवय आहे. पण आई, तू मला न्यायला ये.

वाट बघते.

तुझी,
टिकली