नारळाच्या वाटीतली वात

हर्नडन

ती. कुमुदताईस,
नमस्कार. मी बरा आहे. ऑफिसला जाऊ लागलो, दोन्ही वेळा जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

सासूबाईंना व्हिसा मिळून त्या केरळहून पोचल्या, तेव्हा श्रीजाचे अंत्यसंस्कार उरकून दहा दिवस झाले होते. त्यांना मल्याळमच येतं. वीस वर्षं आमच्यामध्ये श्रीजाच बोलायची. त्या जेवत नव्हत्या, म्हणून मी संध्याकाळी मल्याळम सिनेमे लावू लागलो. खाली इंग्रजी ओळी येतात, त्यामुळे सिनेमा मला कळतो. अम्मांचं बोलणं कळत नाही.

रविवारच्या सिनेमात त्यांच्याकडचं मयताचं घर होतं. फोडलेल्या नारळाच्या वाटीत वात लावून उशाशी ठेवली होती. अम्मांनी सिनेमा थांबवायला लावला. वातीकडे बोट दाखवलं, मग भिंतीवरच्या श्रीजाच्या फोटोकडे, आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

ताई, इथे अंत्यविधीच्या हॉलमध्ये काही पेटवायला परवानगी नव्हती. आम्ही बॅटरीवरची मेणबत्ती ठेवली होती. मी मान हलवून हो म्हटलं.

केया हॉस्टेलवरून फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट टेल हर. मी ट्रान्सलेट करते." आईबद्दलचं हे लेकीच्या तोंडून कसं सांगायला लावू?

आता अम्मा रोज तोच सिनेमा लावायला सांगतात. वात दिसली की माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो. मग त्या थोडं जेवतात.

आपल्या आईला यातलं काही कळवू नकोस. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा भाऊ,
शिरीष