खांद्याच्या वरची कुंडी

३ मार्च, मंगळवार

मामाने आज पुन्हा चारचौघांत काढलं — "इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलंस ते सोडलंस, आता कुंडीही अर्धीच भरतोस काय!" गिऱ्हाइकं हसली. मी हातातली मातीची पिशवी आपटली. ती फाटली. सगळी माती माझ्याच बुटांत. मग तर जास्तच हसली.

मामाची रोपवाटिका नसती तर आजच चालता झालो असतो. पण मामाची नसती तर मला कुणी ठेवून घेतलं असतं, हाही प्रश्नच.

शिक्षा म्हणून नवं काम माझ्या गळ्यात. टायपिंगचा वर्ग चालवायच्या त्या बाई. जिन्यावरून पडून उजवा खांदा मोडला होता. हाड जुळलं, पण हात वर जात नाही. घरामागे फरशीची मोकळी जागा आहे, तिथे बाग हवी. खणायचं काही नाही, सगळं कुंड्यांतच. मामाचा नेहमीचा मंत्र — "आधी त्यांच्या खुर्चीत बस. मग कुंडी ठेव."

५ मार्च, गुरुवार

बसलो. नऊ ते बारा, वेताच्या खुर्चीत. अकरा फूट बाय नऊ. तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला गल्लीत उघडणारं लाकडी फाटक. ऊन कसं सरकतं ते खडूने फरशीवर आखत होतो, दर अर्ध्या तासाला एक रेघ. आतून बाई ओरडल्या, "अरे, फरशी आहे ती! फळा नव्हे!" मी काहीतरी तोडून बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "उडालं झाकण. किटली आहेस नुसती."

झालं. आता माझं नाव किटली.

अकरा वाजता ती आली.

बाईंच्या खांद्याचा व्यायाम घेते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. निळी पिशवी, केसांत खुपसलेली पेन्सिल. माझ्या खडूच्या रेघांपाशी थबकली आणि एकेक रेघ पाय उचलून ओलांडत पलीकडे गेली. एकही पुसली नाही. लोक माझ्या कामावरून सरळ चालत जातात. ती वळसा घालत नव्हती, घाबरत नव्हती — नुसती जपून चालत होती. मी साडेअकराची रेघ आखायला विसरलो.

७ मार्च, शनिवार

तिने नकाशा पाहिला. कॉलेजातले उरलेले ड्रॉइंगचे जाड कागद, त्यांच्यावर काढला होता. बारीक अक्षर, मापं, सावल्या. मला वाटलं, वा म्हणेल.

"सगळ्या कुंड्या खालीच?"

मी म्हटलं, बाग खालीच असते.

"मग बाईंचा हात वर कशाला जाईल?"

कान तापले. बाहेर जाऊन फाटकाला लाथ घातली. परत येईपर्यंत पटलं होतं. पाच मिनिटांत! माझा उच्चांकच. कॉलेजात एका सरांशी भांडून प्रात्यक्षिकातून उठलो त्याला दीड वर्ष झालं, तिथे अजून पटायचं आहे.

नवा बेत दोघांनी मिळून केला. दोघांनी!! भिंतीला लागून लाकडी पायऱ्या. कमरेला पुदिना आणि जिरेनियम. कोपराला रोजमेरी. खांद्याला स्ट्रॉबेरी, म्हणजे फळ तोडायला हात उचलावाच लागेल. आणि सगळ्यांत वर, डोक्यावर, आकड्याला टांगलेली एक नेच्याची कुंडी.

"वरच्या कुंडीला बाईंनी उजव्या हाताने पाणी घातलं," ती म्हणाली, "की माझं इथलं काम संपलं."

दुपारी भिंतीत आकडा ठोकला. तिने खूण करून दिली होती. मी एक वीत वर ठोकला.

८ मार्च, रविवार

कुणाला सांगणार? फक्त तुला, कागदा. एक वीत.

१० मार्च, मंगळवार

कुंड्या भरल्या. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा घालायचा, म्हणजे पाणी जातं, माती राहते. मग माती, कंपोस्ट, थोडी वाळू. रोजमेरीला वाळू जास्त, तिला पाय ओले राहिलेले चालत नाहीत. हे सगळं मी तिला इतकं सविस्तर सांगितलं की बाई म्हणाल्या, "किटली आज मंद आचेवर दिसतेय."

ती हसली. हसताना पेन्सिल घसरली आणि सगळे केस सुटले. मी पुदिन्याच्या कुंडीत स्ट्रॉबेरी लावली.

१४ मार्च, शनिवार

चुकून मला "तू" म्हणाली! मग परत "तुम्ही". पण म्हणाली.

१७ मार्च, मंगळवार

साडेअकराच्या सुमाराला ऊन फाटकावरून आत उतरतं आणि पायरीपायरीने चढत जातं. आधी पुदिना उजळतो, मग जिरेनियम, मग रोजमेरीची राखाडी पानं चंदेरी होतात. त्याच वेळी बाईंचा हातही चढत असतो. ती शेजारी उभी राहून हळू आवाजात मोजते — एक, दोन, तीन, श्वास सोडा. ऊन आणि हात बरोबर वर जातात. खांद्याशी येऊन हात थांबतो. ऊन पुढे जातं.

मी मातीत बोटं घालून बसलेला असतो. तिच्या मोजण्यावर माझा श्वास चालतो. आज वाटलं, कॉलेजात मी खिडकीबाहेर पाहत बसायचो त्या सगळ्या तासांत असंच काहीतरी शोधत असणार. मामाने विचारलं, चार कुंड्यांना तीन तास कसे लागतात? म्हटलं, निचरा बघत होतो.

२१ मार्च, शनिवार

रोजमेरी गेली! खालची पानं काळी, बुंधा मऊ. जिरेनियम पिवळं. मामाला बोलावलं. त्याने रोप कुंडीतून उपसलं, मुळांचा वास घेतला, माझ्या नाकाखाली धरलं. कुजका वास. "बुडवलंस हिला. कोण घालतंय एवढं पाणी?"

मी झारी पायामागे सरकवली. खरं म्हणजे मी सकाळी रोपवाटिकेत जाताना रोज फाटक उघडून एकेक झारी घालत होतो. सगळं टवटवीत दिसावं म्हणून. तिला दिसावं म्हणून.

मग ती हळूच म्हणाली, "मीही घालते. व्यायाम संपला की. तुम्ही इतक्या मेहनतीने लावलंय, सुकू नये म्हणून..."

बाई म्हणाल्या, "आणि मी काय नुसती बघत बसते? डाव्या हाताने घालते ना संध्याकाळी!"

मामा तिघांकडे आळीपाळीने बघत राहिला. "लाडाने मारलंत रे!" म्हणाला आणि कपाळाला मातीचा हात लावला. आम्ही पोट धरून हसलो. एका मेलेल्या रोपाभोवती.

ठरलं — यापुढे पाणी फक्त बाई घालणार.

माझ्यासाठी घालत होती ती पाणी. मी लावलं म्हणून!

२४ मार्च, मंगळवार

नवी रोजमेरी लावली. बाकी कुंड्या आता बऱ्या, वरची माती कोरडी पडू लागली आहे.

एक कोडं. स्टूल घेऊन वरच्या कुंडीत बोट घातलं तर माती ओली. तिथे मी पाणी घालत नाही. तिला विचारलं — "माझा हातच पुरत नाही, इतकी वर कशी टांगलीत?" मी विषय बदलला. बाईंचा हात तर खांद्याच्या वर जात नाही.

मग कोण?

२६ मार्च, गुरुवार

सात वाजता गेलो. आत नाही गेलो, फाटकाच्या फटीतून पाहिलं.

बाई टाचा उंच करून उभ्या होत्या. उजव्या हातात झारी. हात सरळ वर, कानाला चिकटलेला. कापत नव्हता. पाणी नेच्यात पडत होतं आणि बाई तोंडाने कसलीतरी धून गुणगुणत होत्या.

अकरा वाजता तोच हात खांद्याशी थांबला. "आई गं! नाही जात, पोरी." तिने वहीत काहीतरी लिहिलं. तिचा चेहरा पडला.

मला आधी राग आला. झाकण उडणारच होतं. मग झारी भरायला जाताना बाईंच्या स्वयंपाकघरात दिसायचा तो एकच कप डोळ्यांपुढे आला, पालथा घातलेला. हात वर गेला तर ती येणार नाही. बाग पुरी झाली तर मीही नाही. मग त्या घरात कोण बोलणार? वीस वीस मशीनांचा खडखडाट ऐकलेली बाई.

त्या एकट्या आहेत म्हणून मी गप्प बसणार. केवळ त्यांच्यासाठी.

२८ मार्च, शनिवार

स्ट्रॉबेरी पिकली. एकच. तिने अर्धी खाल्ली, अर्धी मला दिली. दिवसभर काही खावंसं वाटलं नाही.

खरं लिहू? केवळ बाईंसाठी नाही.

३१ मार्च, मंगळवार

व्यायाम झाल्यावर ती आत न जाता पायरीशी माझ्या शेजारी फरशीवर बसली. बाई आत फोनवर होत्या. तिला आता अहोजाहो करायचंही त्राण नव्हतं.

"तुला एक विचारू? कॉलेज सोडलंस तेव्हा कसं वाटलं?"

मी नेहमीचं उत्तर तयार ठेवलेलं असतं — मोकळं वाटलं! पण ते तोंडातून निघेना.

"आमच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, तीन आठवडे एक बोटभरही फरक नाही, म्हणजे तुझंच काहीतरी चुकतंय. पुढच्या आठवड्यात दुसरीला पाठवणार. त्याचं काही नाही रे... पण मला वाटतं, त्या बरोबर असतील. माझ्या हातालाच कळत नाही. या कामातून उठावं म्हणते."

नखाने फरशीवरची माती खरवडत होती. रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं.

मी म्हटलं, "सोडू नका."

"का?"

"कारण पहिला दिवस मोकळा जातो. पुढचे सगळे नुसते मोकळे."

तिने माझ्याकडे पाहिलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. बाईंचा हात जातो! कानाला चिकटतो! तुम्हीच नेलात तो तिथपर्यंत! इतकं सगळं घशाशी आलं आणि मी विचारलं, "पाणी हवं का?"

पाणी!

१ एप्रिल, बुधवार

रोपवाटिकेत आज चार रोपं मोडली. मामा म्हणाला, "घरी जा, बाबा." गेलो नाही. मागच्या शेडमध्ये कुंड्या धूत बसलो. ओल्या मातीच्या कुंडीत तोंड घातलं की आवाज घुमतो. सात-आठ कुंड्यांमध्ये सराव केला. "बाई बऱ्या आहेत. मला सहा दिवस माहीत होतं. आकडाही मीच वर ठोकला." शेवटचं वाक्य दर वेळी बदलत होतं.

सांगितलं की ती जाणार. रागावून जाणार. न सांगता गेली तर स्वतःवर रागावून जाईल आणि आयुष्यभर समजेल की तिच्या हाताला कळत नाही. हे मला चालणार नाही. बाईंचा कप पालथा राहिला तरी नाही.

उद्या. ती फाटकातून आत आली की लगेच. बाई बाहेर यायच्या आत.

२ एप्रिल, गुरुवार

पावणेअकरापासून फाटकाशी उभा. ती आली. मी म्हटलं, "एक मिनिट, मला तुम्हाला —"

तेवढ्यात मागून पाण्याचा आवाज.

बाई! वरच्या कुंडीखाली. उजव्या हातात झारी, हात सरळ वर. पाणी कुंडीतून गळून त्यांच्या चष्म्यावर, पदरावर. "पोरी, बघ गं! गेला की! आज सकाळी उठले आणि गेला!"

ती धावली. निळी पिशवी तिथेच पडली. तिने बाईंचा हात धरला, वर नेला, खाली आणला, पुन्हा वर. मोजायचंही विसरली. मग बाईंच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. बाई डाव्या हाताने तिची पाठ थोपटत होत्या आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत काय होतं, मला कळलं नाही.

मग तिने मॅडमना फोन केला. आवाज कसा खणखणीत! नव्या मुलीला पाठवायची गरज नाही, केस पूर्ण. सगळी पूर्ण.

जाताना मला म्हणाली, "बागेमुळे झालं हो! तुझ्यामुळे." आणि ओल्या हाताने माझा मातीचा हात धरला. "तू काहीतरी सांगत होतास ना?"

"काही नाही," मी म्हटलं. "हेच."

रेघा कधीच पुसल्या गेल्या होत्या. तरी फाटकापर्यंत पाय उचलून टाकत गेली की काय, असं मला उगाच वाटलं.

४ एप्रिल, शनिवार

आज काही काम नव्हतं. तरी अकरा वाजता गेलो. बाईंनी दुसरी खुर्ची आधीच बाहेर काढून ठेवली होती.

मी तिच्यात बसलो. मग बाई म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी फाटकाच्या फटीत तू होतास. पाहिलं मी."

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? मी तर तुमच्यासाठी गप्प बसलो. तुम्हाला एकटं वाटतं म्हणून...

"मला? एकटं?" बाई चष्मा काढून हसल्या. "चाळीस वर्षांनी कुठे घरात शांतता आलीये! अरे किटल्या, तीन आठवडे हात खाली धरून धरून बरा झालेला खांदा पुन्हा दुखायला लागला माझा. आज तिला मनातलं बोलशील, उद्या बोलशील... आणि मी आत फोन धरून ऐकतेय, तर तू तिला पाणी विचारतोस?"