श्यामला चुकते कशी?

श्यामे,

मी वडगावला चाललेय, आईनं बोलावलंय. संध्याकाळी परत येतेच. घाबरू नको, माझी बॅग पलंगाखालीच हाय. पोहे झाकून ठेवलेत, खाऊन घे.

एक गोष्ट कालपासनं डोक्यातनं जात न्हाय. लॉ सीईटीच्या सराव पेपरात जिचं उत्तर चुकेल, तिला दुसरीनं समजावून सांगायचं, असं आपलं ठरलंय. करारावरचा प्रश्न आला की तू हमखास चुकतीस. तुला शिकवायचं म्हणून मी आधी पुस्तक पालथं घालते. त्यामुळंच तर मला करार यायला लागला, न्हायतर सगळं डोक्यावरनं जायचं.

आणि काल गॅलरीत तू फोनवर भावाला काय सांगत होतीस? व्यापारी त्याच्या मागावरचं ठरलेलं कापड घेईना, म्हणून कबनूरहून त्याचा फोन आलता. करार कधी होतो, मोडला तर पुढं काय, सगळं घडाघडा सांगितलंस की! मी दारात तुझा चहा घेऊन उभी. चहावर साय धरली.

मग माझ्यासमोरच कशी चुकतीस गं? पहिल्या पेपरानंतर रडत बॅग भरायला घेतलती मी. तवापासनं चाललंय व्हय हे?

रागावले न्हाय. थोडी रागावलेय.

टेबलावर नवा पेपर ठेवलाय. आज मला येत न्हाय ते तू शिकवायचंस. आणि परवा परीक्षेत शेजारी मी नसणार, तिथं कुणासाठीबी चुकायचं न्हाय.

तेजस्वी