स्क्रूला हात लावलेला नाही

३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून मामी म्हणेल, भाच्याला काहीतरी हवं असणार. बरोबर आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मामीला मध्ये घालून बोलायला गेलो की माझं तिच्याशीच वाजतं. म्हणून लिहितोय.

घरी ठीक. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. काल मी समोर बसलेलो असताना त्यांनी आईला विचारलं, की तुझ्या मुलाला मीठ हवंय का.

आता कामाचं. माझ्याकडे एक रिमोटचा ट्रक आलाय. खेळणं म्हणू नका. त्यात खरं इंजिन आहे, अक्रोडाएवढं, नायट्रोच्या इंधनावर चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं. मालकीण चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि रविवारी गोदामामागच्या मैदानात भल्याभल्यांना धूळ चारते. तिने इंजिनात नवा पिस्टन टाकलाय. महिनाअखेरीला शर्यत. त्याआधी ते हळूहळू चालवून रुळवायला हवं आणि तिला दुकानातून सवड नाही. मी म्हटलं, मी रुळवतो, मी जवळजवळ इंजिनिअरच आहे. त्या ‘जवळजवळ’ला हसायचं तेवढं हसून घ्या.

अडचण अशी, की ट्रक सुरू होतो, मैदानाच्या टोकापर्यंत पळतो आणि बंद पडतो. गार झाला की परत सुरू. तिला सांगितलेलं नाही. मामा, हा ट्रक धड परत गेला नाही, तर तिच्या दुकानाची पायरी चढायला मला तोंड राहणार नाही. आणि सध्या मला चढावीशी वाटणारी तेवढी एकच पायरी आहे.

उत्तर लवकर धाडा. मामीला नमस्कार.

तुमचा लोभ आहेच असं धरून चाललेला,
भडकू


८ फेब्रुवारी

चि. भडकूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने माझ्याआधी वाचलं. तिचा पहिला प्रश्न, चष्मेवालीला स्वतःला चष्मा आहे का. मी म्हटलं, नसणार, नाहीतर याला लांबूनच ओळखलं असतं.

इंजिनांच्या टेस्टिंगमध्ये माझी सगळी नोकरी गेली आणि कानही तिथेच गेले. तरी लोक अजून विचारतात. जनरेटरवाला लिहितो, बोटींचा मिस्त्री लिहितो. मला ऐकू येत नाही म्हणून ते आवाज कागदावर उतरवून पाठवतात आणि मी वाचून दुखणं सांगतो. बोटवाल्याने एकदा नुसतं ‘खडखड, मग उसासा’ एवढंच लिहिलं होतं. मी व्हॉल्व्ह सांगितला, व्हॉल्व्हच निघाला. त्या एका कामामुळे मी घरात नुसता बसून आहे असं मला वाटत नाही.

तेव्हा तूही लिही. बंद पडताना आवाज कसा होतो? धूर किती? आणि कार्बोरेटरवर इंधन कमीजास्त करायचा स्क्रू असतो, तो कोणी फिरवलाय का? ऐकलंस ते लिही, वाटलं ते नको. कान तुझे, डोकं माझं, मध्ये तिसरं काही घुसवू नकोस.

मीठ हवं असलं तर तोंडाने माग.

मामीचे आणि माझे आशीर्वाद एकत्रच घे, वेगळे करत बसू नकोस.
मामा


१२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

विचारलंत तसं लिहितो. आधी भुर्रर्र, मग घशात पाणी अडकल्यासारखं घुळ-घुळ-घुळ, मग गप्प. धूर भरपूर, पांढरट निळा. मागे तेलाचे शिंतोडे उडतात, माझी पँट साक्षीला आहे. स्क्रूला हात लावलेला नाही. तिने लावून दिला तसाच आहे.

काल चष्मा घट्ट करून घ्यायला गेलो होतो. सैल नव्हताच. तिने तो माझ्या कानांमागे बसवून बघितला आणि ट्रक कसा आहे विचारलं. मी म्हटलं, मस्त. ती म्हणाली की तुझे कान एकदम लाल झालेत. मामा, माझं काही खरं नाही. तेवढा ट्रक लवकर सांगा.

लोभ वाढता ठेवा, मला सध्या त्याची गरज आहे.
भडकू


१७ फेब्रुवारी

चि. भडकूस आशीर्वाद.

वर्णन चोख केलंयस, मामीला पँटही आवडली. तुझ्या लिहिण्यावरून इंधन जास्त जातंय आणि प्लग बुडतोय.

एक गोष्ट खटकली. गार झाल्यावर परत सुरू होतं, हे तापलेल्या इंजिनाचं लक्षण. आणि इतका धूर ओकणारं इंजिन सहसा तापत नाही. पत्र पुढ्यात घेऊन बराच बसलो. पण ऐकणारा तू आहेस, मी नाही.

स्क्रू थोडासा आवळ, म्हणजे इंधन कमी जाईल. चालवून बघ. परत थोडासा. धूर पातळ झाला की थांब.

कान लाल झाले तर ते स्क्रू आवळून बरे होत नाहीत.

काम झालं की दोन ओळी टाक, वाट बघतो.
मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

इंजिन गेलं. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. स्क्रू आवळला, ट्रक किंचाळत सुटला आणि मैदानाच्या मधोमध खटकन थांबला. दोरी ओढली तर हलत नव्हती. आता हलते, पण आत काही जोरच नाही, फुसकी.

जन्मभर इंजिनं ऐकलीत म्हणता, आणि अक्रोडाएवढं एक इंजिन तुम्हाला ओळखता आलं नाही. खटकलं होतं, तर सांगायचंच कशाला?

ती म्हणाली की स्क्रू आवळायला कोणी सांगितलं. मी म्हटलं, मामांनी. शर्यत गेली.

भडकू


२५ फेब्रुवारी

चि. भडकू यास आशीर्वाद.

तुझा राग रास्त आहे. खटकलं तेव्हा थांबायला हवं होतं. दुसऱ्याच्या पोरीची हौसेची वस्तू मी बसल्या जागी मोडली.

जनरेटरवाल्याला आणि बोटवाल्याला कळवलं, की यापुढे मला विचारू नका. कागद वाचून आता नीट कळत नाही. उद्या बोट भर पाण्यात बंद पडली तर माणसांचा जीव जाईल. बोटवाल्याचं एक पत्र आलेलं होतं, ते उत्तर न देता तसंच परत पाठवलं.

त्या मुलीचा पत्ता पाठव. चूक तुझी नव्हती, माझी होती, असं मी तिला स्वतःच्या अक्षरात लिहितो. तुझी पायरी माझ्यामुळे जाऊ नये.

तुझा मामा

मामीकडून: हे टपालवाला आला की आतल्या खोलीत जाऊन बसतात. मी काही विचारलं तर लिहून दे म्हणत नाहीत, नुसती मान हलवतात. तुला दोष देत नाही रे, पण तुला कळावं म्हणून लिहिलं.


२ मार्च

तीर्थस्वरूप मामांस,
साष्टांग नमस्कार. तो या वेळी खरंच घातलाय असं समजा.

मी खोटं लिहिलं. स्क्रूला हात लावला होता.

ट्रक आणला त्या दिवशी तो घुळघुळत होता, धूर ओकत होता. तिने मुद्दामच जास्तीचं इंधन लावून दिलं होतं. तेल इंधनातच असतं आणि नव्या पिस्टनला ते भरपूर लागतं, हे तिने मला सांगितलं होतं, आणि स्क्रूला हात लावू नकोस असंही. मला धीर निघेना. त्या म्हाताऱ्या चालीने ट्रक तिच्या दुकानावरून कसा न्यायचा? मी स्क्रू आवळला. ट्रक बाणासारखा सुटला. तीनदा दुकानासमोरून नेला. ती आत कोणाच्या तरी डोळ्यांपुढे काच धरून उभी होती. तिने मान वर केली नाही. त्या दिवसापासून तो तापून बंद पडायला लागला.

तुम्ही विचारलंत तेव्हा मी पहिल्या दिवसाचा आवाज लिहिला. पहिल्या दिवसाचा धूर लिहिला. तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं होतं.

पुढचं लिहायला जास्त जड जातंय. तुमचं ‘आवळ’ असं पत्र आलं, तेव्हा स्क्रू आधीच आवळलेला आहे हे मला माहीत होतं. तरी आवळला. मनात म्हटलं, आता काही झालं तर मामांचं नाव आहे.

तुमचं पत्र वाचून, ते तिला लिहिणार आहात हे वाचून, मी चपला उलट्यासुलट्या घालून दुकानात गेलो. एक आजोबा तक्त्यावरची अक्षरं वाचत होते. मी त्यांच्यासमोरच सगळं सांगून टाकलं, कारण ते जाईपर्यंत थांबलो असतो तर मीही गेलो असतो. आजोबा अक्षरं वाचायचं थांबले. तिने त्यांना चालू ठेवा म्हणून सांगितलं.

ती ओरडली नाही. पिस्टन काय, दुसरा मिळतो, म्हणाली. मग म्हणाली, की मैदानावर सगळ्यांना तिने तुमची गोष्ट सांगितली होती, बहिऱ्या मामाची, कागदावरून इंजिन मोडणाऱ्या. सगळे पोट धरून हसले होते, तीही हसली होती. तर आता रविवारी येऊन त्याच माणसांना खरं काय ते सांग.

गेलो. बाकीचे शर्यतीची तयारी करत होते, ती ट्रकशिवाय कुंपणाला टेकून उभी. मी सांगितलं, मामांना जे कळवलं त्यावरून मामांनी बरोबरच सांगितलं, कळवणारा खोटारडा होता. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकाने फक्त विचारलं, की तुझ्या मामांना माझ्या इंजिनाबद्दल विचारता येईल का. मी म्हटलं, त्यांनी बंद केलंय. आणि मग, का बंद केलंय, तेही सांगावं लागलं.

निघताना ती म्हणाली, की चष्मा सैल झाला तर चौकापलीकडे दुसरं दुकान आहे.

घरी आलो, बाबांना सगळं सांगितलं. थेट, आईला मध्ये न घालता. त्यांनी ऐकून घेतलं. तेही थेटच म्हणाले, की आधी मामाला लिही.

मामा, मला माफ करू नका वाटलं तर. पण बोटवाल्याचं पत्र परत मागवा. बहिरे तुम्ही नव्हता, मुका मी होतो.

लोभ मागायचा हक्क नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.
भडकू


१४ मार्च

चि. भडकूस आशीर्वाद. तुला हक्क नसला तरी मला आहे.

तुझं पत्र वाचून मी आधी काय केलं असेल? हसलो. मामी धावत आली, काय चांगलं झालं विचारत. तिला कागद देववेना. भाचा खोटा निघाला, पोरीसमोर, चारचौघांत मान खाली घालून आला, आणि मामा खूश, का, तर मामाचं निदान चुकलं नव्हतं! बहिणीच्या मुलाच्या दुःखातून मी आधी माझी फुशारकी उचलून घेतली. मामीने शेवटी पत्र ओढून वाचलं आणि माझ्याकडे जे बघितलं, ते लिहून द्यायची तिला गरज पडली नाही.

आणि निदान बरोबर, हेही अर्धंच. खटकलं होतं ना मला? मग ‘तुझा आवाज आणि लक्षण जुळत नाही, परत ऐक’ एवढंच लिहायचं होतं. लिहिलं नाही. परत विचारलं की म्हाताऱ्याला आता कळत नाही असं होतं, म्हणून. तू स्क्रू लपवलास, मी शंका झाकली. इंजिन दोघांनी मिळून जाळलं. तिचा पत्ता पाठव. मी माझा वाटा लिहितो, तुझा तू सांगितलाच आहेस.

बोटवाल्याचं पत्र मागवून घेतलं. त्याच्या इंजिनाचा आवाज त्याने लिहिलाय, ‘टकटक, पण कधीकधी नाही’. आज त्याला उत्तर टाकलं: यावरून मला कळलं नाही, पुन्हा ऐकून लिहा. असं वाक्य मी आजवर कोणाला लिहिलं नव्हतं. पोस्टाच्या पेटीपाशी जरा वेळ उभा राहिलो, मग टाकलं.

दोघांनाही सारखीच लाज आहे, तेव्हा लोभही सारखाच ठेवू.
मामा