बाबांच्या पितळी अक्षरांची वाटणी

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं फक्त कागदावर आहे. मान्य करून घे.) तुझा रक्तदाब, दाजींचा खोकला आणि तुम्हा दोघांचा माझ्यावरचा राग, तिन्ही कसे आहेत? पहिले दोन तरी उतरले असतील अशी आशा करतो. आम्ही इकडे ठीक. दोन वर्षांनी लिहितोय. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी हरतो. पत्रात तशी सोय नाही.

विषय तोच आहे, अक्षरांचा. बाबा गेल्यावर त्यांच्या पाट्यांच्या दुकानातली पितळी अक्षरांची पेटी आपण वाटून घेतली. लोक जमीन वाटतात, भांडी वाटतात. आपण इंग्रजी मुळाक्षरं वाटली. बाबांनी स्वतः ओतलेली, घासूनपुसून चकचकीत केलेली, एकेका अक्षराचे दहा-दहा नग. दुकान माझ्याकडे, म्हणून अक्षरं माझी, असं मी म्हणालो. बाबा दोघांचे होते, असं तू म्हणालीस. शेवटी दाजींनी कंटाळून मधोमध रेघ मारली: ए ते एम एकाला, एन ते झेड दुसऱ्याला. निवडायचा पहिला मान मी हट्टाने घेतला आणि ए, ई, आय असे तीन-तीन स्वर पदरात पडले म्हणून मनातल्या मनात उड्या मारल्या. तू पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई, नुसती हसलीस. वर मीच तावातावाने सांगून बसलो की बाबांच्या अक्षरांखेरीज एकही अक्षर या दुकानातून बाहेर जाणार नाही. तू म्हणालीस, बघू.

त्या हसण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कळला. पहिलंच गिऱ्हाईक आलं, त्याला 'हॉटेल' हवं होतं. ओ आणि टी तुझ्या घरी. 'कॅफे' किती सुटसुटीत दिसतं हे मी त्याला अर्धा तास पटवलं. त्या बिचाऱ्याला पटलं, पण रोज कोणाला पटणार? तेव्हापासून आमच्या घरी जेवणं झाली की शब्दकोश उघडतो. सौ. शब्द वाचते, मी बोटावर अक्षरं तपासतो, आणि पहिल्या तेरा अक्षरांत बसणारा शब्द निघाला की टेबलावर थाप मारतो. (शेजारच्यांना वाटतं आम्ही पत्ते खेळतो.) 'मेडिकल' सापडला त्या दिवशी सौ.ने न मागता दुसरा चहा दिला. आख्खा शब्द आपला! औषधवाला एवढाच काय तो खूश झालेला माणूस.

पण खरा हात दिला 'आयडियल'ने. आता सगळी गल्ली आयडियल आहे. चांभार 'आयडियल हील', शिंपी 'आयडियल हेम'. (हेम म्हणजे नुसती दुमडलेली कड, त्याला शर्टही शिवायचे असतात, मी म्हटलं, शिवा की, पाटी कुठे अडवते?) न्हावी 'आयडियल हेड' झाला, आणि त्याच्याकडे गेल्या आठवड्यात एक गृहस्थ डोकेदुखीवर औषध मागायला आले. तो आता रस्त्यात भेटला की मान फिरवतो. शिकवणीवाल्या मास्तरांना मात्र मी काही देऊ शकलो नाही. खूप शोधलं. त्यांच्या धंद्याशी जुळणारा एकच शब्द माझ्या पेटीतून निघत होता, 'फेल'. तो मी प्रामाणिकपणे सुचवला. ते उठून गेले ते समोरच्या प्लास्टिकच्या पाट्यावाल्याकडे.

हे सगळं मी हसून सांगतोय आणि तूही हसत असशील, म्हणूनच सांगतोय. पण गेल्या महिन्यात मामला घरात आला. तुझ्या भाचीने, म्हणजे आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, स्वतःची जागा घेतली. दोन खोल्या, एक खुर्ची, काचेचं दार. येत्या रविवारी उघडायचं आहे. पाटी आजोबांच्याच अक्षरांची हवी, असं तिने मला बजावलं. मी म्हटलं, एवढंच ना? आणि 'क्लिनिक' लावायला शिडीवर चढलो. सी, एल, आय लावले. पुढची जागा सोडली. आय, सी लावले. खाली उतरून बघतो तर दातांच्या दवाखान्याच्या पाटीचाच एक दात पडलेला. जाणारेयेणारे थांबून हसतात. दुसरा शब्द शोधते म्हणाली नाही, प्लास्टिकचं लावा म्हणाली नाही, पोरगी शिडीखाली उभी राहून फक्त म्हणाली, "बाबा, आत्याला विचारा ना." सहा अक्षरांतली पाच माझी आहेत ताई, आणि तरी ते वाचता येत नाही.

असो. दाजींना नमस्कार. हवा बदलते आहे, गरम पाणी पीत जा.

तुझा,
ए ते एम

ता. क. लिहायचं राहिलंच: एक एन हवा होता. एकच.

ता. क. २. कुरियरने पाठवू नकोस. त्या लोकांचा भरवसा नाही, हरवेल. तू स्वतः घेऊन ये. शनिवारी आलीस तर बरं. स्टेशनवर मी येतो. मध्ये बोललीस तरी चालेल.

ता. क. ३. हे पत्र बंद करताना सौ. म्हणाली, खरं ते लिहा. तर खरं असं की काल पेटीचा तळ झाडताना फटीत अडकलेला एक एन सापडला. बाबांच्याच हातचा, घासून लख्ख केला. पण लावलेला नाही. वाटणी म्हणजे वाटणी, तो तुझा आहे. खिशात घेऊन फिरतोय. येऊन ताब्यात घे.