बाळाबाईचा चुकार ठोका

शिवाजी पेठ, कोल्हापूर
दिवाळीनंतरचा रविवार, १९७४

ती. अक्कास धाकट्या रत्नाचा जय जिनेंद्र आणि नमस्कार. तुझी कंबर कशी हाय? कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटानं दाजींना कमी ऐकू यायला लागलंय म्हणून लिहिलंस. संसाराला ते बरंच की.

इकडं आम्ही खुशाल असतो, पण माझ्या धाकट्या जावेच्या, बाळाबाईच्या, काळजानं ठोका चुकवला. (तिला काळीज हाय हेच मला नवीन.) छातीत मासा उडी मारतोय म्हणून ती मटकन खाली बसली आणि भावजी टांगा घेऊन आले. मी अंगात ताप असताना भाकऱ्या थापल्या, तेव्हा माझ्यासाठी कुणी घोड्याचं तोंड बघितलं न्हाई. सोबतीला मात्र मीच गेले.

दवाखान्यात तिच्या हातापायांना वायरी लावून कार्डिओग्राम काढला. कागदाची लांब पट्टी बाहेर आली. डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरणींना बोलावून ती दाखवली, जशी काय पैठणीच. म्हणाले, "प्रत्येक उंच सुळक्याआधी बारीक टेकाड हवं आणि सुळक्यांमधलं अंतर सारखं हवं. हिचा हा एक सुळका बघा, घाईनं आलाय, रुंद आहे, आणि त्याच्यामागं मोकळी जागा." मग बाळाबाईला म्हणाले, "घाबरू नका, चहा कमी करा."

हे शेवटचं वाक्य घरी कुणी ऐकूनच घेतलं न्हाई. सासूबाईंनी शेवयांची खीर केली. पेठेतल्या बायका बघायला आल्या. बाळाबाई लोडाला टेकून सुळका सांगायची आणि मी सगळ्यांना चहा करायची. (तिलासुद्धा!)

अक्का, माझा जळफळाट झाला. जिना चढताना मलाबी धाप लागती, छातीत फडफडतं, पण मी त्याची दवंडी पिटली न्हाई. शेवटी एकटीच दवाखान्यात गेले. वायरी लावल्यावर मनात म्हटलं, देवा, एक तरी ठोका चुकू दे.

पट्टी आल्यावर मीच आधी मान वर करून बघितली. टेकाडं कुठंच न्हाईत, नुसती थरथरणारी रेघ. सुळके तर बाळाबाईनं पोलक्याला घातलेल्या टाक्यांसारखे, दोन जवळ, एक लांब. मी खुशीत विचारलं, "जावेपेक्षा भारी हाय न्हवं?"

डॉक्टर हसले न्हाईत. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "घरचं कोण आलंय?"

"कोण न्हाई," म्हटलं, आणि तेव्हा पहिल्यांदा भ्याले.

हृदयाचा वरचा कप्पा नीट आवळत न्हाई, नुसता थरथरतोय म्हणे. काळजातली एक झडपबी बिघडली असंल, म्हणून रोज गोळी घ्यायची आणि मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं. घरी येऊन सांगितलं, तशी बाळाबाई अंथरुणातनं उठली आणि माझ्या हातातली परात काढून घेतली. "गप बसा, जाऊबाई," म्हणाली. तेव्हापासनं चुलीपाशी फिरकू देत न्हाई. आता खीर मला मिळती, पण गोड लागत न्हाई.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी रत्ना

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. डॉक्टर विचारत्यात, लहानपणी सांधे सुजून ताप आलता का? तसल्या तापानंच पुढं झडप बिघडती म्हणे. आई आता न्हाई, हे तुलाच ठाऊक असणार. आठवून लगेच कळव. जमलं तर तूच ये. मिरजेला तू बरोबर असावीस असं वाटतं.

पुन्हा ता. क. तसला ताप तुलाही आला असला तर ते मात्र सांगू नकोस. एवढी एक गोष्ट माझ्या एकटीची असू दे.