सात नंबरचा रकाना

मंगळवार, ९ सप्टेंबर
आज सकाळी प्रार्थना झाल्यावर तळघरात गेलो, तराजू पुसला, बंदुकीच्या दारूचा डबा काढला आणि एकही काडतूस न भरता तासभर बसून राहिलो. घरी काडतुसं भरायला लागून तीस वर्षं होतील. दारू मोजण्यात माझा हात चुकत नाही. पण सुटलेली गोळी पुढं किती खाली येते, ते हाताला कुठं कळतं? ते सांगणारा प्रोग्रॅम या वर्षी नीट पारखून घ्यायचा.

गेल्या नोव्हेंबरात पाचशे वारांवरून एल्क हरणाची मादी मारायला गेलो. गोळी खाली लागली. पाय लटकावत ती झाडीत शिरली. दोन दिवस बर्फात शोधली — नाही मिळाली. ती कशी मेली असेल, हे अजून प्रार्थनेच्या मधेच डोळ्यांपुढं येतं. तसं पुन्हा व्हायला नको.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
आर्डिसला माझ्या टेबलावरचे प्रोग्रॅमांच्या माहितीचे कागद दिसले. म्हणाली, "लग्नाचं मला तू दुसऱ्याच भेटीत विचारलं होतंस. याची एवढी चौकशी?" मी म्हटलं, तुझी माहिती गावात फुकट मिळत होती. जेवायला तिनं मला बटाटे जरा कमीच वाढले.

रविवार, १४ सप्टेंबर
चर्चच्या तळघरात कॉफी. वर्डेल होता. आर्डिसचा धाकटा भाऊ, मोंटानातल्या आमच्या या कोपऱ्यात फोनवर सगळं करणारा पहिला माणूस. गेल्या वर्षी मी वापरलेला प्रोग्रॅम त्यानंच माझ्या फोनवर घालून दिला होता. तेव्हापासून तो दिसला की माझं ठरलेलं — "मी नेम धरला होता, चुकला तो वर्डेलचा फोन." टेबलावरचे सगळे हसतात. आज विचारलं, लिंबाच्या वड्या कधी संपतील हे तुझा फोन सांगतो का रे? पुन्हा हशा. तोही हसला. मग कप घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला.

शिकारीला या वर्षी येणार नाही म्हणतो. "दाजी, तुम्ही जाऊन या." कारण विचारलं तर छप्पर दुरुस्त करायचंय म्हणाला. त्याचं छप्पर चांगलं आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर
तीन प्रोग्रॅम शेजारी शेजारी लावले. एक विकतचा. एक कुणा निवृत्त सर्वेक्षकानं केलेला, दिसायला सरकारी फॉर्मसारखा. आणि वर्डेलचा, गेल्या वर्षी भरलेले आकडे तसेच ठेवून. बंदूक तीच, गोळी तीच, वेगही यंत्रावर स्वतः मोजलेला. आमच्या एकखोली शाळेतल्या बाई म्हणायच्या, उत्तर दोन वाटांनी काढून बघा. मी तीन वाटांनी काढलं.

पाचशे वारांवर पहिला म्हणतो, गोळी ४१ इंच खाली येईल. दुसरा म्हणतो ४१. वर्डेलचा म्हणतो ३४!

सात इंच. म्हणजे त्याचाच फोन खोटा. मला आधी आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.

शनिवार, २० सप्टेंबर
वर्डेलला दाखवायचं म्हणून तिन्हींतले आकडे कागदावर उतरवायला बसलो. वेग जुळला. वजन जुळलं. मग गोळ्यांचा खोका हातात घेतला.

गोळी हवा किती सहज कापते त्याचे दोन आकडे खोक्यावर एकाखाली एक छापलेले असतात. वरचा एक नंबरच्या मापाचा, खालचा सात नंबरच्या. गोळी एकच, मापं दोन. वर्डेलच्या प्रोग्रॅमनं विचारलं होतं, कोणतं माप? एक की सात? मला चांगलं आठवतं. वर्डेल नव्हता तेव्हा. मी इथंच बसलो होतो, चष्मा लावून. सात निवडला — कारण सात हा पवित्र शास्त्रातला चांगला आकडा! देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला. आणि त्या साताखाली मी आकडा लिहिला तो वरचा, एकचा.

प्रोग्रॅमला वाटलं, या गोळीला हवा जवळजवळ अडवतच नाही. त्यानं मला ३४ सांगितलं. बंदुकीवरच्या दुर्बिणीची चकती मी तेवढीच फिरवली.

आज बरोबर आकडा घातला. ४१.

फोन खरा होता.

रविवार, २१ सप्टेंबर
चर्चला गेलो. वर्डेल दाराशीच भेटला. मी हवापाण्याबद्दल बोललो.

बुधवार, २४ सप्टेंबर
आर्डिसला सांगितलं. सातचं ऐकून ती इतकी हसली की खुर्चीवर बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? मला कुणी हसत नव्हतं."

मी म्हटलं, त्याच्या घरी जाऊन सांगतो, दोघांतच.

"हसलास चारचौघांत. सांगणार दोघांत?"

मी उठून तळघरात गेलो. प्रोग्रॅमचं मात्र ठरलं. वर्डेलचाच ठेवतो. दुसरे दोन काही वाईट नाहीत, पण कोणतं माप ते त्यानंच विचारलं होतं; चुकीचं उत्तर मी दिलं.

शनिवार, २७ सप्टेंबर
वीस काडतुसं भरली. दोनदा मोजून. उद्या काय बोलायचं त्याचे शब्द जुळवले, तेही दोनदा. जुळत नाहीत.

रविवार, २८ सप्टेंबर
सांगितलं. त्याच टेबलाशी, उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सातची गोष्टही लपवली नाही. सगळे हसले. हसू दे.

वर्डेल हसला नाही. त्यानं हातातला कप खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "दाजी, म्हणजे ती एल्क माझ्यामुळे नाही ना मेली?"